लोकसहभागी संशोधन आणि सामाजिक न्यायाचं शिक्षण: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

समाजकार्य, सार्वजनिक आरोग्य आणि शिक्षणशास्त्राचे विद्यार्थी, संस्थांमधले कार्यकर्ते आणि काही शिक्षक यांच्याकडून पुन्हापुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. कोणतंही उत्तर सुटं वाचलं तरी चालेल. संशोधनाचा आराखडा उद्याच सादर करायचाय अशी घाई असेल तर आधी प्र. ५ आणि प्र. ९ वाचा.

१. लोकसहभागी संशोधन म्हणजे नेमकं काय? लोकांच्या मुलाखती घेतल्या की सहभाग झालाच ना?

नाही झाला. मुलाखतीत माणूस तुमच्या प्रश्नाला उत्तर देतो, एवढंच. कोणता प्रश्न हाती घ्यायचा, माहिती कुणाकडून आणि कशी गोळा करायची, तिचा अर्थ काय लावायचा आणि शेवटी त्या निष्कर्षांचं करायचं काय, हे चार निर्णय संशोधनात मोक्याचे असतात. ज्यांच्या आयुष्याबद्दल हे सगळं चाललंय त्यांचा या निर्णयांवर खरोखरचा ताबा असेल तर ते संशोधन लोकसहभागी. चारही ठिकाणी सारखाच ताबा असेल असं मात्र नाही. एखाद्या गटाला आकडेमोडीत काडीचा रस नसतो, पण अहवाल आधी कुणाच्या हातात जाणार यावर तो अडून बसतो. तसं असायला हरकत नाही. कुठे किती गुंतायचं हे त्या गटाने ठरवलेलं असावं, तुम्ही गृहीत धरलेलं नसावं.

२. ही पद्धत कुणी सुरू केली?

एका माणसाचं नाव सांगता येत नाही, आणि ज्या पुस्तकांत ते सांगितलेलं असतं त्यांच्याकडे जरा संशयानेच पाहावं. कुर्ट लेविन यांनी १९४६मध्ये अमेरिकेतल्या अल्पसंख्याकांच्या प्रश्नांवर लिहिताना कृती-संशोधनाची कल्पना मांडली. त्यात कृती होती, पण सूत्रं तज्ज्ञांच्याच हातात होती. १९७०च्या दशकात दक्षिणेकडच्या, म्हणजे आशिया, आफ्रिका आणि लॅटिन अमेरिकेतल्या देशांतून वेगळा प्रवाह आला. टांझानियात मार्या-लीसा स्वान्ट्स खेड्यातल्या लोकांसोबत काम करत होत्या. कोलंबियात ओर्लांदो फाल्स बोर्दा यांनी विद्यापीठातल्या समाजशास्त्राकडे पाठ फिरवून शेतकऱ्यांच्या चळवळीसोबत इतिहास लिहायला घेतला, आणि १९७७मध्ये कार्ताहेना शहरात या विषयावरची पहिली जागतिक परिषद भरली. त्याच सुमाराला पालघरमधल्या आदिवासींच्या भूमिसेना या संघटनेचा अभ्यास झाला. १९७९मध्ये प्रसिद्ध झालेला तो अभ्यास या विषयाच्या जागतिक चर्चेत आजही निघतो. राजेश टंडन यांनी १९८२मध्ये दिल्लीत 'प्रिया' ही संस्था काढली. सार्वजनिक आरोग्याच्या क्षेत्रात हा विचार रुळला तो नंतर. बार्बरा इस्रायल आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा १९९८चा आढावा लेख तिथे आजही पायाभूत मानतात.

लेविनपासून सुरू होणारा इतिहास आणि फाल्स बोर्दांपासून सुरू होणारा इतिहास, दोन्ही खरे आहेत. पहिल्याचा कल कामात सुधारणा करण्याकडे आहे, दुसऱ्याचा सत्तेचा तोल बदलण्याकडे. आपण कोणत्या परंपरेत उभे आहोत हे आराखड्यात एका वाक्यात लिहा. परीक्षकांचे निम्मे आक्षेप तिथेच मिटतात.

३. यात सामाजिक न्यायाचं शिक्षण कुठून आलं? संशोधन आणि शिक्षण हे दोन वेगळे विषय नाहीत का?

विद्यापीठाच्या इमारतींत ते वेगळे आहेत. प्रत्यक्षात दोघांचा उगम एकाच ठिकाणी सापडतो. ब्राझीलमध्ये पाउलो फ्रेइरे प्रौढांना अक्षरं शिकवण्याआधी त्या भागातल्या लोकांचं रोजचं बोलणं ऐकत, त्यातून काही कळीचे शब्द निवडत आणि त्या शब्दांवर चर्चा घडवत. १९६३मध्ये आंजिकोस गावात सुमारे ३०० कष्टकऱ्यांसोबत ४० तासांचा तो प्रसिद्ध वर्ग झाला. त्या काळी तिथे निरक्षराला मताचा अधिकार नव्हता, त्यामुळे साक्षरता वर्ग हा थेट राजकीय मामला होता. पुढच्याच वर्षी लष्करी उठाव झाला, फ्रेइरेंना तुरुंगात टाकलं आणि मग देश सोडावा लागला.

दुसरं उदाहरण मला जास्त जवळचं वाटतं. अमेरिकेतल्या टेनेसी राज्यात १९३२मध्ये माइल्स हॉर्टन आणि डॉन वेस्ट यांनी हायलँडर ही लोकशाळा सुरू केली. १९५०च्या दशकात सेप्टिमा क्लार्क यांच्या पुढाकाराने तिथून नागरिकत्व शाळा निघाल्या. मतदार नोंदणीसाठी वाचनाची परीक्षा लावून कृष्णवर्णीयांना अडवलं जात होतं. म्हणून ज्या अर्जावर त्यांना अडवत, तोच अर्ज या शाळांत वाचायला घेत. पहिल्या वर्गाच्या शिक्षिका बर्निस रॉबिन्सन या पेशाने ब्यूटी पार्लर चालवणाऱ्या होत्या, आणि त्यांना मुद्दाम निवडलं होतं, कारण प्रशिक्षित शिक्षक प्रौढांना मुलांसारखं वागवतो. याच हायलँडरने पुढे ॲपलाचिया या डोंगराळ पट्ट्यातल्या जमीन-मालकीच्या अभ्यासात लोकांना साथ दिली (प्र. ७ पाहा). शिकणं आणि शोधणं तिथे एकाच टेबलावर चाललं होतं.

४. 'समुदाय' म्हणजे कोण? सरपंच, अध्यक्ष यांच्याशी बोललं तर पुरे का?

त्यांच्याशी बोलावं लागतंच, पण तेवढ्याने भागत नाही. एका पत्त्यावर राहणारे लोक म्हणजे एक समुदाय असं मानलं की पहिला घोटाळा होतो. भाडेकरू आणि घरमालक, आधी आलेले आणि नंतर आलेले, सासू आणि सून यांचे प्रश्न एक नसतात. उघड बैठकीत ज्याचा आवाज मोठा त्याचं मत 'लोकांचं मत' म्हणून वहीत उतरतं. बिल कुक आणि उमा कोठारी यांनी २००१मध्ये संपादित केलेल्या लेखसंग्रहाने सहभागाच्या नावाखाली चालणाऱ्या जुलमावर जी टीका केली, तिचा मोठा भाग हाच होता.

उपाय साधा पण कष्टाचा आहे. मोठ्या बैठकीआधी लहान गटांत, त्यांच्या सोयीच्या वेळी बसा. या बैठकीला कोण येऊ शकणार नाही, हा प्रश्न प्रत्येक वेळी विचारा आणि मिळालेलं उत्तर लिहून ठेवा.

५. मला विषय आधीच मंजूर करून घ्यावा लागतो. मग लोकांनी प्रश्न ठरवायचा तरी कधी?

सर्वांत जास्त वेळा येणारा प्रश्न हाच. पीएच.डी.ची चौकट या पद्धतीसाठी बनलेली नाही, हे खरं आहे. तरी वाट निघते.

मंजुरीसाठी क्षेत्र आणि प्रक्रिया लिहा, अंतिम प्रश्न लिहू नका. उदाहरणार्थ, 'पाणीपुरवठ्याबद्दलच्या तक्रारींचा अभ्यास. पहिल्या सहा महिन्यांत रहिवाशांच्या गटासोबत संशोधनाचा प्रश्न निश्चित केला जाईल.' बऱ्याच समित्या एवढं मान्य करतात, फक्त प्रश्न ठरल्यावर दुरुस्ती अर्ज द्यावा लागतो. मार्गदर्शक तयार नसतील तर अर्ज करण्याआधीच त्या लोकांसोबत काही महिने घालवा. त्या काळात औपचारिक माहिती गोळा करायची नाही, फक्त बोलायचं आणि पडेल ते काम करायचं. मग अर्जातला प्रश्न खऱ्या अर्थाने त्यांचाही असेल.

दोन्ही जमत नसेल तर प्रामाणिकपणे साधं गुणात्मक संशोधन करा आणि त्याला तसंच म्हणा. चांगल्या मुलाखतींवर उभं राहिलेलं नेहमीचं संशोधन हे खोट्या सहभागापेक्षा कितीतरी बरं. निदान त्यात लोकांचा वेळ तरी कमी जातो.

६. आम्ही जाहीर बैठक घेतली, हजेरीपटावर भरपूर सह्या आहेत. याला सहभाग म्हणता येईल का?

हजेरी म्हणता येईल. शेरी आर्नस्टीन यांनी १९६९मध्ये नागरिक-सहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली. तळाला हातचलाखी, मध्यावर माहिती देणं आणि मत विचारणं, वर भागीदारी, आणि सगळ्यात वर नागरिकांचं नियंत्रण. आपल्याकडे येणारे बहुतेक अहवाल मत विचारण्याच्या पायरीवर थांबलेले असतात आणि मुखपृष्ठावर भागीदारी छापलेली असते. स्वतःला एकच गोष्ट विचारा: त्या बैठकीत लोकांनी 'नको' म्हटलं असतं तर तुमच्या कामात काय बदललं असतं? काहीच नाही, असं उत्तर आलं तर अहवालातला शब्द बदला.

७. कोणत्या पद्धती वापरतात? आकडेवारी चालते का?

चालते, आणि पुष्कळदा तीच लागते. हे संशोधन म्हणजे चित्रं, नकाशे आणि गोष्टी, हा समज का पसरलाय कोण जाणे. चीनमधल्या युनान प्रांतातल्या ग्रामीण स्त्रियांच्या हाती कॅमेरा देऊन कॅरोलाइन वांग आणि मेरी ॲन बरिस यांनी घडवलेली छायाचित्रांची पद्धत जगभर गेली, म्हणूनही असेल.

ॲपलाचियाचं उदाहरण मात्र पूर्ण वेगळं आहे. कोळशाच्या त्या डोंगराळ पट्ट्यात लोक गरीब का, याची उत्तरं तोवर बाहेरचे विद्वान देत होते, आणि ती बहुधा लोकांच्या स्वभावावर किंवा संस्कृतीवर घसरत. स्थानिक नागरिकांच्या गटांनी प्रश्नच फिरवला: इथली जमीन कुणाची आहे, आणि ती बाळगणारा कर किती भरतो? सहा राज्यांतल्या ८० काउंट्यांच्या (आपल्याकडच्या जिल्ह्यांसारख्या विभागांच्या) कचेऱ्यांत बसून त्यांनी मालकी आणि कराच्या नोंदी उतरवल्या. १९८१च्या अहवालात दिसलं की जमिनीचा आणि खनिजांचा प्रचंड वाटा बाहेरच्या मालकांकडे आणि कंपन्यांकडे आहे, आणि ते भरत असलेला कर नाममात्र आहे. नोंदी सार्वजनिक होत्या. कुणी एका जागी मांडल्या नव्हत्या, इतकंच. त्यातून केंटकीत करन्यायासाठी लढणारी संघटना उभी राहिली. यात ना भावनिक मुलाखत, ना रंगीत नकाशा. नुसती नोंदवही आणि चिकाटी.

थोडक्यात, पद्धत प्रश्नावरून निवडा. समोरचा अधिकारी आकडा मागणार असेल तर आकडाच काढा.

८. संशोधक एका बाजूने उभा राहिला तर तटस्थता कुठे राहिली? याला शास्त्रीय म्हणायचं?

हा आक्षेप टाळू नका. उत्तराचे दोन भाग आहेत.

संशोधन कशासाठी, हा मूल्यांचा निर्णय असतो, आणि तो प्रत्येक संशोधनात असतो. औषध कंपनीच्या पैशावर चाललेल्या चाचणीतही असतो. माहिती नीट गोळा केली का, विरुद्ध पुरावा झाकला का, हा शिस्तीचा प्रश्न आहे, आणि तिथे सवलत कुणालाच नाही. उलट तुमचं काम वादात ओढलं जाणार हे ठरलेलंच असल्यामुळे शिस्त जास्त कडक हवी.

मॅसॅच्युसेट्समधल्या वोबर्न गावात मुलांना रक्ताचा कर्करोग होतोय हे आधी पालकांच्या लक्षात आलं. त्यांनी रुग्णांची घरं नकाशावर मांडली. दूषित आढळलेल्या दोन विहिरी १९७९मध्ये बंद झाल्या. पुढे हार्वर्डच्या संख्याशास्त्रज्ञांसोबत रहिवासी स्वयंसेवकांनी दूरध्वनीवरून मोठं सर्वेक्षण केलं. टीकाकार म्हणाले, मुलाखत घेणारेच पीडित गावचे, निष्कर्ष झुकणारच. आक्षेप अगदीच बिनबुडाचा नव्हता, आणि संशोधकांनी तो अंगावर घेऊन त्याची तपासणीही केली. १९९०च्या दशकात राज्याच्या आरोग्य विभागाच्या स्वतंत्र अभ्यासातही गरोदरपणात ते पाणी पिणं आणि मुलांचा आजार यांचा संबंध दिसला. पालकांच्या लक्षात आलेली गोष्ट कुठल्याही नियमित यंत्रणेच्या लक्षात आली नव्हती, हे मात्र विसरू नये.

९. प्रत्येकाकडून संमतीपत्र घेतलं आणि नीतिमत्ता समितीची मंजुरीही आहे. अजून काही लागतं का?

लागतं. आजच्या समित्यांचे नियम टस्कीगीसारख्या प्रकरणांतून आले. १९३२ ते १९७२ या काळात अमेरिकेतल्या अलाबामात सिफिलिस झालेल्या ३९९ कृष्णवर्णीय पुरुषांना उपचार न देता संशोधक नुसतं पाहत राहिले; पेनिसिलिन सर्रास मिळू लागल्यावरही. त्यानंतर १९७९च्या बेलमाँट अहवालाने व्यक्तीचा सन्मान, हित आणि न्याय ही तत्त्वं घालून दिली. यात रक्षण होतं ते एकट्या व्यक्तीचं. गटाला होणारी इजा या चौकटीत धड बसत नाही.

अमेरिकेतल्या हवासुपाई या आदिवासी जमातीचं प्रकरण त्यासाठी वाचा. १९९०पासून ॲरिझोना स्टेट युनिव्हर्सिटीच्या संशोधकांनी त्यांच्या रक्ताचे नमुने घेतले. लोकांची समजूत होती की हे मधुमेहासाठी आहे. त्याच नमुन्यांवर पुढे स्किझोफ्रेनिया, अंतर्गत विवाह आणि जमातीचं मूळ स्थलांतर यांवरही काम झालं. जमातीच्या उगमकथेलाच त्यातून धक्का बसत होता. २०१०मध्ये तडजोड होऊन ४१ जणांना मिळून ७ लाख डॉलर आणि उरलेले नमुने परत मिळाले. व्यक्तींच्या सह्या कागदावर होत्या.

म्हणून वैयक्तिक संमतीसोबत गटाशी लेखी करार करा: माहिती कशासाठी वापरणार, कशासाठी नाही, दुसऱ्या कामाला वापरायची तर पुन्हा कुणाला विचारणार. दक्षिण आफ्रिकेतल्या सान लोकांनी २०१७मध्ये संशोधकांसाठी स्वतःची आचारसंहिताच काढली. आदर, प्रामाणिकपणा, न्याय, काळजी आणि योग्य प्रक्रिया एवढंच ती मागते. समितीच्या अर्जापेक्षा ती वाचायला पुष्कळ सोपी आहे.

१०. गोळा केलेली माहिती कुणाच्या मालकीची?

कराराआधी हा मुद्दा सोडवला नाही तर ती आपोआप विद्यापीठाची किंवा पैसे देणाऱ्याची होते. कॅनडातल्या मूळ रहिवाशांनी १९९८मध्ये चार गोष्टी मागितल्या: मालकी, नियंत्रण, पाहण्याची मुभा आणि प्रत्यक्ष ताबा. चौथी अवघड, कारण ताबा घ्यायचा तर ठेवायला जागा, संगणक आणि सांभाळणारं माणूस लागतं. त्याचा खर्च अंदाजपत्रकात धरा. 'कधीही मागा, देऊ' या तोंडी आश्वासनाला तुमची नोकरी बदलल्यावर काही अर्थ उरत नाही.

११. अहवालात नावं लपवायची, की द्यायची?

नियमाने लपवायची. पण वर्षभर राबलेल्या बाई 'माझं नाव का खोडलं?' असं विचारतात तेव्हा नियमाचं उत्तर अपुरं पडतं. दोन भूमिका वेगळ्या करा. सहसंशोधक म्हणून केलेल्या कामाचं श्रेय नावासकट द्या. त्याच व्यक्तीने स्वतःच्या आयुष्याबद्दल सांगितलेलं असेल तर ते निनावी ठेवा. तरीही नाव हवंच असेल तर त्या मजकुरातून नवरा, मालक, शेजारी असं आणखी कुणी ओळखू येतं का ते दोघांनी बसून ओळ न् ओळ पाहा. लहान गावात 'एक शिक्षिका' एवढंही ओळखायला पुरतं.

१२. सहसंशोधकांना मानधन द्यायचं का? पैशाने माहिती बिघडत नाही का?

द्यायचं. तुम्हाला पगार किंवा शिष्यवृत्ती मिळते, प्रवासखर्च मिळतो; त्यांचा मात्र बुडालेला रोज ही सेवा, हे बरोबर नाही. फक्त मुलाखत देण्याचा मोबदला आणि संशोधनाचं काम करण्याचं मानधन वेगवेगळं ठेवा. दर आणि ज्यांना मिळणार त्यांची यादी सगळ्यांसमोर ठरवा, नाहीतर गटात फाटाफूट ठरलेली.

१३. निष्कर्ष लोकांना न आवडणारे निघाले तर?

निघतात. वस्तीतलीच दारू, वस्तीतलीच मारहाण, समितीतला पैशांचा घोळ. दडपणं हा पर्याय नाही, आणि परस्पर छापून मोकळं होणं हाही नाही. आधी गटापुढे ठेवा, त्यांना वेगळा अर्थ लावायचा असेल तर तोही छापा. मतभेद मिटला नाही तर दोन्ही मतं शेजारी-शेजारी द्या. ज्याच्या जिवाला किंवा रोजीला धोका आहे त्याचं रक्षण सगळ्यांच्या वर.

एक इशाराही. नुसती दुःखं गोळा करणाऱ्या संशोधनावर ईव्ह टक यांनी २००९मध्ये समुदायांना लिहिलेल्या खुल्या पत्रात नेमका हल्ला केला आहे. नुकसान दाखवलं की मदत येईल या आशेवर लोकांना तुटकं-फुटकं म्हणून रंगवलं जातं; मदत क्वचित येते, ते चित्र मात्र चिकटून राहतं. तुमच्या अहवालात लोक कशाची इच्छा धरतात, काय उभं करतात, हे कुठे दिसतं का ते तपासा.

१४. शाळेतल्या मुलांसोबत हे करता येतं का?

येतं, आणि मुलं शिक्षकांना अडचणीत आणतात इतकं नीट करतात. न्यूयॉर्कमध्ये मिशेल फाइन, मारिया एलेना टोरे आणि सहकाऱ्यांनी शाळकरी वयाच्या संशोधकांसोबत दीर्घकाळ काम केलं आहे. पालकांची परवानगी आणि मुलाची स्वतःची तयारी, दोन्ही हवं. पालक हो म्हणाले आणि मूल नको म्हणालं तर उत्तर नको. रॉजर हार्ट यांची १९९२ची मुलांच्या सहभागाची शिडी (प्र. ६मधल्या शिडीचीच धाकटी बहीण) सजावटीपुरत्या सहभागाला तळाला ठेवते. स्टेजवर पाठ केलेलं भाषण म्हणणारं मूल तिथेच बसतं.

शिक्षकांसाठी खरी अडचण पुढे येते. मुलांनी शाळेतल्याच शिक्षेवर, फीवर किंवा शौचालयांवर संशोधन करायचं म्हटलं तर? निष्कर्ष ऐकून घ्यायला मुख्याध्यापक तयार आहेत का, हे सुरुवातीला विचारून घ्या. तयार नसतील तर मुलांना ते स्पष्ट सांगा आणि विषय त्यांना ठरवू द्या. आणि या कामाला गुण देऊ नका, निदान निष्कर्षांना तरी.

१५. शोधनिबंधावर लेखक म्हणून कुणाची नावं?

विचारांत ज्यांचा वाटा, त्यांची. लिहिता येत नाही हे कारण पुरेसं नाही. ऑस्ट्रेलियातल्या एका संशोधक गटाने तर योल्ङु लोकांची बावाका ही भूमीच निबंधांची पहिली लेखिका म्हणून छापली आहे. सगळ्यांना एवढं जमणार नाही, पण संपादक नकार देईल म्हणून आधीच माघार घेऊ नका. निबंध ज्या भाषेत छापला जातो त्या भाषेत तो सहलेखकांना वाचता येत नसेल तर त्यांच्या भाषेतली प्रत आधी तयार करा, नंतर नव्हे.

१६. इतकं करूनही काहीच बदललं नाही तर?

असं होतं. म्हणून सुरुवातीला 'तुमचा प्रश्न सुटेल' असं बोलू नका. संशोधनाच्या हाती ते नसतं. न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागात पोलिसांच्या झडत्यांवर रहिवाशांनी केलेल्या सर्वेक्षणाचे निष्कर्ष त्यांनी रात्री एका इमारतीच्या भिंतीवर प्रकाशात झळकवले. ज्यांनी उत्तरं दिली होती त्यांनीच ते आपल्या रस्त्यावर उभं राहून वाचले. धोरण बदलायला पुढे न्यायालय, चळवळ, निवडणूक असं बरंच काही लागतं. निष्कर्ष लोकांना परत देणं मात्र पूर्णपणे तुमच्या हातात आहे.

१७. अर्ध्या वाटेवर लोक म्हणाले 'आता थांबवा', तर?

थांबवा. आधी कारण विचारा. कधी त्यांना काम नको असतं, कधी फक्त एखादा माणूस किंवा एखादी प्रश्नावली. तोवर जमलेल्या माहितीचं काय करायचं ते करारात (प्र. ९) लिहिलेलं असेल तर भांडण होत नाही. विद्यार्थ्यांनी ही शक्यता मार्गदर्शकांशी पहिल्याच वर्षी बोलून ठेवावी: काम थांबलं तर त्या प्रक्रियेवरच प्रबंध लिहिता येईल का?

१८. मी त्याच वस्तीतला आहे. मग हे सगळं मलाही लागू होतं का?

होतं, आणि काही बाबतींत जास्त. न्यूझीलंडच्या माओरी संशोधक लिंडा तुहीवाई स्मिथ यांनी १९९९मध्येच लिहून ठेवलंय की आतल्या संशोधकाला परिणामांसोबत रोज राहावं लागतं, त्याच्या घरच्यांनाही. बाहेरचा माणूस प्रबंध जमा करून निघून जातो, तुम्हाला त्याच गल्लीत दूध आणायला जायचंय. लोक तुम्हाला भाचा म्हणून, मैत्रीण म्हणून बरंच काही सांगतात, आणि ते संशोधनासाठी सांगितलेलं नसतं. म्हणून वेळ आणि जागा ठरवून घ्या: वही उघडली की संशोधन, मिटली की नाही. मिटलेल्या वहीच्या वेळी कळलेली गोष्ट वापरावीशी वाटली तर दुसऱ्या दिवशी परत जाऊन विचारा, आणि 'नको' आलं तर ती सोडून द्या.